व्यासांचा वर आणि धृतराष्ट्राचे डोळे

भीष्मपर्वाच्या आरंभीं एक लहानसा प्रसंग आला आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यें सज्ज झालीं आहेत आणि हस्तिनापुरांत अंध धृतराष्ट्र चिंतेंत बुडून बसला आहे. अशा वेळीं भगवान् व्यास तेथें येतात व युद्ध पाहण्याची इच्छा असेल तर दृष्टि देतों, असें त्यास सांगतात. राजा नको म्हणतो. स्वजनांचा वध डोळ्यांनीं पाहणें त्याला रुचत नाहीं. वृत्तांत मात्र त्याला सगळा ऐकावयाचा आहे. मग व्यास ती दिव्यदृष्टि संजयाला देतात, आणि पुढचें सर्व युद्ध श्रोत्यांसमोर येतें तें संजयाच्या मुखानें.

ही कथा मुलांना सांगितली कीं, त्यांतलें एखादें मूल हटकून विचारतें : व्यासांच्या अंगीं एवढें सामर्थ्य होतें, तर त्यांनीं हे डोळे पूर्वींच कां दिले नाहींत? धृतराष्ट्र तर त्यांचाच पुत्र. जन्मांध मूल पाळण्यांत असतांनाच हा वर दिला असता, तर काय बिघडलें असतें? वडील मंडळी हा प्रश्न बहुधा हंसण्यावारी नेतात. परंतु तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्या ज्या कथेंत मंत्र, वर आणि चमत्कार आहेत, त्या प्रत्येक कथेला हा प्रश्न विचारतां येतो.

प्राचीन वाङ्मयांत गेलेले डोळे परत येतच नाहींत, असें नव्हे. ऋग्वेदांत ऋज्राश्वाची हकीकत आहे. त्यानें एका लांडगीसाठीं शंभर मेंढे कापले, म्हणून बापानें रागाच्या भरांत त्याचे डोळे घालविले. अश्विनीकुमारांनीं ते त्यास परत दिले. त्याच सूक्तांत पाय तुटलेल्या विश्पलेला धातूचा पाय बसविल्याचाही उल्लेख आहे. महाभारताच्या आदिपर्वांत धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यु भुकेच्या पोटीं रुईचीं पानें खाऊन आंधळा होतो व विहिरींत पडतो. अश्विनीकुमार त्याला अपूप खावयास देतात. पण गुरूला अर्पण केल्यावांचून तो तें तोंडांत घालीत नाहीं. या निष्ठेनें प्रसन्न होऊन ते त्याची दृष्टि परत देतात. वनपर्वांत सावित्री यमाच्या मागें चालूं लागते, तेव्हां तिचा पहिला वर पतीच्या प्राणांसाठीं नसतो. आंधळे सासरे द्युमत्सेन यांचे डोळे ती प्रथम मागते, राज्य त्यानंतर.

या तिन्ही कथा एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. तिघांचेही डोळे गेलेले होते, आणि ते परत येण्याला कांहीं कारण घडलें होतें. ऋज्राश्वाला बापाची शिक्षा भोगावी लागली, उपमन्यूची परीक्षा झाली, आणि द्युमत्सेनाच्या बाबतींत सुनेनें यमाला आपल्या वाणीनें जिंकलें. डोळे परत आले तेव्हां त्या त्या कथेंतील एक हिशेब पुरा झाला. नुसती गैरसोय दूर करावी म्हणून कोणीही देव तेथें खालीं उतरलेला नाहीं.

धृतराष्ट्राचा हिशेब निराळा आहे. व्यासांचें उग्र रूप पाहून अंबिकेनें डोळे मिटले, म्हणून तिचा पुत्र अंध जन्मला. अंध असल्यामुळें थोरला असूनही त्याला सिंहासन मिळालें नाहीं. तें धाकट्या पांडूकडे गेलें. पांडु वनांत गेल्यावर राज्याचा कारभार पुन्हा धृतराष्ट्राकडे आला आणि ‘राज्य कोणाच्या मुलांचें?’ हा तंटा उभा राहिला. इकडे पति अंध म्हणून गांधारीनेंही डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि शंभर मुलें आईबापांच्या नजरेखालीं न येतांच वाढलीं. पाळण्यांतल्या मुलाला व्यासांनीं डोळे दिले असते, तर या सांखळीचा पहिला दुवाच निखळला असता. तंटा नाहीं, द्यूत नाहीं, युद्ध नाहीं, आणि सांगावयास भारतही नाहीं.

परंतु हें झालें कवीच्या सोयीचें उत्तर. ग्रंथाच्या आंत त्याहून खोल उत्तर आहे. धृतराष्ट्राला दृष्टीचा वर कधींच मिळाला नाहीं, असें मुळीं नाहींच. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण कौरवसभेंत विश्वरूप प्रकट करतो, तेव्हां महाभारताच्या कांहीं पाठांत तो या वृद्ध राजालाही तेवढ्यापुरते नेत्र देतो. दुसरी संधि भीष्मपर्वांतली. ती राजानें स्वतःच नाकारली. तिसरी आश्रमवासिकपर्वांत येते. युद्ध संपून वर्षें लोटलीं आहेत. धृतराष्ट्र, गांधारी व कुंती वनांत राहत आहेत. व्यास एका रात्रीं गंगेच्या पाण्यांतून युद्धांत पडलेल्या वीरांना वर आणतात आणि धृतराष्ट्राला दिव्यदृष्टि देतात. बापानें आपल्या मुलांचीं तोंडें पाहिलीं तीं त्या रात्रीं, तींही ते सर्व मेल्यावर. पहाट होतांच ते सर्व निघून गेले.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर या तीन प्रसंगांत आहे. दृष्टि देणारा हजर होता. पाहण्याची इच्छा नव्हती. विदुरानें काय कमी सांगितलें? द्यूतसभेंत काय चाललें आहे, हें कळावयास डोळे लागत नव्हते. त्या सभेंत फांसे पडत असतांना हा राजा पुन्हा पुन्हा ‘जिंकलें काय?’ असें विचारीत होता. अशा मनुष्याला वर देऊन डोळे उघडतील. त्याच्या पुत्रमोहावर वर चालत नाहीं. उलट गांधारीनें पट्टी आपण होऊन बांधलेली होती. युद्धानंतर पट्टीच्या फटींतून तिची नजर युधिष्ठिराच्या पायांच्या बोटांवर पडली आणि त्याचीं नखें काळवंडलीं, असें स्त्रीपर्वांत सांगितलें आहे.

आतां साध्या दुखण्यांकडे वळूं. अंधत्वाच्या कथा पुराणांत आहेत, पण दूरचें अंधुक दिसतें किंवा पोथी वाचतांना अक्षरें फिसकटतात, या तक्रारीवर वर मागितल्याची कथा सहसा आढळत नाहीं. याचें कारण उघड आहे. अशा दुखण्याला शाप नसतो, शत्रु नसतो आणि उःशापही नसतो. तें पाप्याला होतें तसेंच पुण्यवानालाही होतें. चाळिशी उलटली कीं तें येतें, आणि म्हणूनच मराठींत त्याला, तसेंच त्यावर घालावयाच्या भिंगांनाही, ‘चाळशी’ हें नांव मिळालें.

या दुखण्यांची जागा दुसऱ्या ग्रंथांत होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत. कफजन्य लिंगनाशावर, म्हणजे आजच्या भाषेंत मोतीबिंदूच्या एका प्रकारावर, शलाकेनें वेध करण्याची कृति तेथें दिली आहे. वेध झाल्यावर तुपाची पट्टी बांधावी, रोग्यास उताणें निजवावें, त्यानें शिंकूं नये, खोकूं नये, थुंकूं नये, इतक्या बारीक सूचना त्यांत आहेत. एकाच संस्कृत भाषेंत कथाकार वराचें सांगत होता आणि वैद्य पट्टीचें सांगत होता. दोघांनीं एकमेकांच्या कामांत ढवळाढवळ केली नाहीं.

भिंगें त्याहून पुष्कळ उशिरां आलीं. इटलींत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा निघाला. १३०६ सालच्या एका प्रवचनांत ही कला निघून अजून वीस वर्षेंही झालीं नाहींत, असा उल्लेख आहे. हिंदुस्थानांत सोळाव्या शतकांत विजयनगरचे व्यासतीर्थ भिंगांच्या साहाय्यानें पोथी वाचीत असल्याचें त्यांच्या संस्कृत चरित्रांत आहे. पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनीं चष्म्याच्या इतिहासावर लिहितांना असे उल्लेख परिश्रमपूर्वक गोळा केले. लक्षावधि म्हाताऱ्यांना पुन्हा वाचतें करणारी ही वस्तु. पण तिचें महाकाव्य कोणी रचलें नाहीं.

परदेशांतील अद्भुतकथांचीही रीत अशीच आहे. अरबी कथांतील बाबा अब्दुल्ला एका डोळ्याला लेप लावून पृथ्वीच्या पोटांतील धन पाहतो, आणि लोभानें दुसऱ्या डोळ्यालाही लावून घेऊन आंधळा होतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहांत कांट्यांनीं डोळे फुटलेला राजपुत्र प्रियेच्या अश्रूंनीं पुन्हा पाहूं लागतो. जे. के. रोलिंग यांची इंग्रजी कादंबरीमाला १९९७ सालीं सुरू झाली. तिच्यांतील जादूगारांच्या शाळेंत नाहींशीं झालेलीं हाडें औषधानें एका रात्रींत पुन्हा वाढतात. मोडलेला चष्मा जादूच्या कांडीनें सांधला जातो. परंतु हॅरी पॉटर चष्मा लावतो तो लावतोच, आणि त्याचे थोर गुरुही लावतात. चष्म्यामागचा तो मुलगा वाचणाऱ्या मुलांना आपल्यांतलाच वाटतो. त्याचें सगळेंच उणें मंत्रानें भरून काढलें असतें, तर त्याच्याविषयीं काळजी वाटण्याचें कारण उरलें नसतें.

तेव्हां कथेंतील चमत्कार दुखणें बरें करण्यासाठीं नसतो; मनुष्याची पारख करण्यासाठीं असतो. हें ओळखून ऐकलें तर कथेचा आनंद कमी होत नाहीं. हें न ओळखल्यास मात्र नुकसान होतें, आणि तें पुस्तकांत नव्हे, घरांत होतें. अंगारा लावून, नवस बोलून महिने घालवावयाचे आणि पिकलेला मोतीबिंदु तसाच ठेवावयाचा, हें अनेक घरांत घडलेलें आहे. भारतांत १९७६ सालीं अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला; पण रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत आणून पोंचविणें हें काम घरच्यांचेंच राहतें.

वर्गांत मागच्या बांकावर बसलेल्या एखाद्या मुलाला फळ्यावरचीं अक्षरें दिसत नाहींत. तें शेजाऱ्याच्या पाटींत डोकावतें, म्हणून मार खातें. उत्तर येत नाहीं, म्हणून मठ्ठ ठरतें. त्याला संजयाची दिव्यदृष्टि नको आहे. दोन भिंगें पुरे आहेत, आणि त्या आधीं त्याच्याकडे नीट पाहणारें कोणी तरी हवें आहे. हस्तिनापुरच्या राजवाड्यांत मुलांकडे पाहणारें कोणी नव्हतें, आणि त्याची किंमत एका कुळानें मोजली. ती कथा ऐकून उठणाऱ्यानें आपल्या घरांतील मुलाचे आणि म्हाताऱ्याचे डोळे एकदां तपासून घेतले, तर व्यासांच्या वराचा अर्थ त्याला कळला असें म्हणावयास हरकत नाहीं.