नांदुऱ्याहून दोन डोंगर

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या आगगाडीतून नांदुरा स्थानकावर उतरणाऱ्या मनुष्याच्या मनात डोंगराचा विचार सहसा येत नाही. चोहोकडे काळी सपाट जमीन, कपाशीची शेते आणि क्षितिजापर्यंत अडथळा नसलेली दृष्टी, असा हा मुलूख आहे. परंतु पावसाळा सरून हवा निवळली म्हणजे ह्याच सपाटीच्या दोन्ही कडांना निळसर रेघा उमटतात. उत्तरेची रेघ सातपुड्याची. दक्षिणेची अजिंठ्याच्या रांगेची. नांदुऱ्याच्या एस.टी. थांब्यावर उभा राहिलेला शाळामास्तर किंवा कारकून जळगाव-जामोदच्या गाडीत बसला तर पहिल्या डोंगराच्या पायथ्याकडे जातो, आणि मोताळ्याच्या गाडीत बसला तर दुसऱ्याच्या. सुटीच्या दिवशी थोडक्या पैशांत डोंगर चढून यावयाचे, तर त्याला याहून सोपा मार्ग नाही. मोटार थांबते तेथून पुढे पायवाट सुरू होते. ती वाट कोणी पाडली, आणि ती खरोखर कोणाची आहे, एवढ्याच प्रश्नाचा आज श्रोत्यांसमवेत विचार करावयाचा आहे.

वऱ्हाडच्या जुन्या दप्तरांत ह्या प्रदेशाचे दोन भाग सांगितलेले असत: पायनघाट आणि बालाघाट. फारसीत ‘पाईन’ म्हणजे खालचा आणि ‘बाला’ म्हणजे वरचा. पूर्णा नदीचे खोरे तो पायनघाट, आणि दक्षिणेकडील घाट चढून गेल्यावर लागणारे पठार तो बालाघाट. म्हणजे मुलखाची वाटणीच मुळी चढ आणि उतार यांवरून झालेली होती. नलगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा ह्या नद्या बालाघाटावरून खाली उतरून पूर्णेस मिळतात. त्यांपैकी ज्ञानगंगा नांदुऱ्यावरून वाहते. तिच्या काठी राहणाऱ्या नांदुरकराचा डोंगराशी संबंध असा जुना आहे. शिवाय पूर्णाकाठचा पुष्कळसा भाग खारपाणपट्ट्याचा. तेथील विहिरींचे पाणी मचूळ. अशा मुलखातील माणसाला डोंगरातल्या गोड्या झऱ्याची थोरवी निराळी सांगावी लागत नाही.

ह्या दोन भिंतींमधून वर-खाली जाण्याच्या वाटा हाच वऱ्हाडच्या इतिहासाचा सांगाडा आहे. उत्तरेस सातपुड्याच्या सोंडेवर नरनाळ्याचा किल्ला. अहमदशहा बहामनीने पंधराव्या शतकात त्याची डागडुजी केली, आणि पुढे ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारास त्याचेच नाव मिळालेले दिसते. सातपुड्यापलीकडील बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे. तेथून वऱ्हाडात उतरणाऱ्या वाटांवरून फौजा आल्या, त्यांच्यामागून व्यापारी आले. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून घाट चढत व उतरत. गाडीचाक जेथे चालत नसे तेथे बैलाचे खूर चालत, आणि त्या खुरांनीच पुष्कळ वाटा घडविल्या.

राजांची भांडणेही ह्याच वाटांनी चालली. सन 1724 च्या ऑक्टोबरात बालाघाटावर साखरखेर्ड्यास निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेतील आपली सत्ता पक्की केली. पुढे सन 1803 मध्ये असईच्या लढाईनंतर वेलस्लीची फौज पठारावरून घाट उतरून पायनघाटात आली. 29 नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई झाली, 15 डिसेंबर रोजी गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर भोसल्यांना सही करावी लागली. इतिहासाची पुस्तके लढाईच्या मैदानाचे नाव राखतात. परंतु मैदानापर्यंत फौज पोहोचविणारी घाटवाट, आणि त्या वाटेने फौजेमागे धान्य नेणारे लमाण, यांची नोंद एखाद्या ओळीत आटोपते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या वाटांवर पहिला मोठा घाव पडला तो तलवारीचा नव्हे, लोखंडी रुळाचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि तो कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी पूर्णेच्या खोऱ्यातून लोहमार्ग टाकला गेला. सन 1867 मध्ये तो नागपूरला भिडला. सन 1870 मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत फाटा निघाला. नांदुरा ह्या मार्गावरचे स्थानक झाले. पूर्वी उत्तर-दक्षिण चालणारी मुलखाची रहदारी आता पूर्व-पश्चिम चालू लागली. जो माल डोंगर ओलांडून जात असे, तो डोंगरास समांतर धावू लागला. तांड्यांचे बैल निरुपयोगी झाले आणि कित्येक घाटवाटांवर गवत उगवले. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र थंड हवेसाठी बालाघाटावर, बुलढाण्यास, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर राहिले. त्यामुळे कचेरीत जाणाऱ्या पक्षकाराला घाट चढणे चुकले नाही.

त्यानंतर मोटार आली. प्रथम खासगी मालकांच्या मोटारी होत्या. त्या केव्हा निघतील हे उतारूंच्या संख्येवर ठरे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा देशात कित्येक गाड्या कोळशाच्या वायूवर धावल्या, आणि चढ आला म्हणजे उतारूंनी खाली उतरून चालावे, ही त्या काळची रीतच होती. स्वातंत्र्यानंतर, 1 जून 1948 रोजी, मुंबई राज्याची पहिली सरकारी गाडी पुणे ते अहमदनगर धावली. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांतात मोडत होता. सन 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर सन 1961 पासून हाच कारभार महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या नावाने चालू लागला.

ह्या गाडीने डोंगराच्या बाबतीत जे केले त्याचा विचार फारसा झालेला नाही. लोहमार्गाने माणसाला डोंगरापासून दूर नेले होते, एस.टी.ने त्याला पुन्हा पायथ्याशी आणून सोडले. ज्याच्या घरी घोडा नाही, मोटार नाही, अशा मध्यम स्थितीच्या माणसाला गिरिभ्रमणाचा आनंद हिनेच मिळवून दिला. गडकोटांच्या भ्रमंतीला मराठीत ज्यांनी घरोघर पोहोचविले, ते गोपाळ नीलकंठ दांडेकर मूळचे वऱ्हाडचेच. सन 1916 मध्ये त्यांचा जन्म परतवाड्यास, मेळघाटच्या पायथ्याशी झाला. त्यांच्यामागून डोंगर हिंडू लागलेल्या पिढ्यांना दोन गोष्टी तोंडपाठ असत: पहाटेची पहिली गाडी आणि पायथ्याच्या खेड्यात रात्र काढणारी मुक्कामी गाडी. मुक्कामी गाडी चुकली म्हणजे रात्र देवळात काढावी, एखाद्या अनोळखी ओसरीवर भाकरी खावी आणि सकाळी त्याच गाडीने परत यावे. डोंगराइतकीच खेड्याची ओळख अशा चुकामुकीतून झाली.

नांदुऱ्याहून दक्षिणेस मोताळ्यावरून राजूरच्या घाटाने बुलढाण्यास जाताना गाडी हळू होते, आणि पायनघाट व बालाघाट ह्या शब्दांचा अर्थ खिडकीतूनच उलगडतो. उत्तरेस येरळीजवळ पूर्णा ओलांडून जळगाव-जामोदला गेले की सातपुडा समोर उभा राहतो. मैलगडाचे जुने अवशेष त्याच्याच कुशीत आहेत. दोन्ही बाजूंच्या रानांचा मोठा भाग आज राखीव आहे. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही दोन्ही अभयारण्ये सन 1997 मध्ये घोषित झाली. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, आणि टाकूही नये. ह्या रानाचे मोल एका वाघाने जगाला दाखवून दिले. सन 2019 च्या फेब्रुवारीत यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानात त्याच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधला होता. तेलंगणाचा काही भाग आणि अनेक जिल्ह्यांतील शेतशिवार तुडवीत, 1,300 किलोमीटरांहून अधिक चालून, तो डिसेंबरात ज्ञानगंगेच्या रानात पोहोचला. जुन्या काळी ज्या डोंगररांगा माणसांना वाट देत, त्या आजही प्राण्यांना वाट देतात, ह्याची ही साक्ष होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जळगाव-जामोद तालुक्यात सातपुड्याच्या आत भिंगारा, गोमाळ, चाळीसटापरी ह्यांसारख्या आदिवासी वस्त्या आहेत. पक्क्या रस्त्याची वाट पाहण्यात तेथील पिढ्या गेल्या. आपण शहरातली माणसे गाडीतून उतरून ज्या वाटेला ‘रानवाट’ म्हणून कौतुकाने लागतो, तीच तेथील बाईची बाजाराची वाट आहे, मुलाची शाळेची वाट आहे, आणि घरात कोणी आजारी पडले तर त्याला झोळीत घालून न्यावयाची वाटही तीच आहे. आपण चालतो ते हौसेने. ती माणसे चालतात ती दुसरा उपाय नाही म्हणून. सन 2021 च्या नोव्हेंबरापासून पुढे काही महिने कर्मचाऱ्यांच्या संपामुळे राज्यातील बहुतेक एस.टी. गाड्या आगारांत उभ्या होत्या. त्या दिवसांत हौशी भ्रमणकर्त्याची सहल तेवढी बुडाली. परंतु पायथ्याच्या खेड्यांतील ज्या मुली सवलतीच्या पासावर तालुक्याच्या शाळेत जात, त्यांच्या शाळेचा रस्ताच लांब झाला. संपकऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या की नव्हत्या, हा वाद येथे करावयाचा नाही. गाडी बंद पडली म्हणजे डोंगर कोणापासून किती दूर जातो, एवढेच पाहावयाचे आहे.

म्हणून पायथ्याच्या खेड्याला जाणारी गाडी रिकामी धावते, तोट्यात चालते, असे कोणी म्हणाले तर त्याचा हिशेब पुरता मांडून पाहावा. ती गाडी टिकावी असे वाटत असेल तर सुटीच्या दिवशी आपणही तिच्यात बसावे, तिकीट काढावे आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जावे. तेथून पुढे चालताना समोरून डोक्यावर मोळी किंवा कडेवर मूल घेतलेले कोणी उतरत आले, तर आपण वाटेच्या कडेला उभे राहून त्यांना आधी जाऊ द्यावे. लमाणांच्या बैलांमागून ती वाट आजवर मोडली नाही, ती त्यांच्या पावलांमुळे.