ठाकूर, ठाकर : एका नामसूचीचा विचार

एकमेकांना कधीही न पाहिलेले लोक मुद्रित भाषेच्या योगे स्वतःस एक समाज मानू लागतात आणि त्यातून राष्ट्र आकारास येते, ही बेनेडिक्ट अँडरसन यांची उपपत्ती १९८३ पासून अभ्यासकांच्या परिचयाची आहे. १९९१ च्या आवृत्तीत त्यांनी जनगणना, नकाशा व वस्तुसंग्रहालय यांवर एक प्रकरण जोडले. कुंभिवली ज्या कर्जत-खालापूर पट्ट्यात आहे, तेथील ठाकर व कातकरी वाड्यांच्या इतिहासास मूळ उपपत्तीपेक्षा हे पुरवणी प्रकरणच अधिक लागू पडते. वृत्तपत्र त्या वाड्यांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी यादी पोहोचली होती.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) ठाकरी व कातकरी या बोलींचे वर्णन मराठीच्या अंतर्गत केले. १ मे १९६० रोजी भाषेच्या तत्त्वावर महाराष्ट्र स्थापन झाला, तेव्हा या न्यायाने ठाकर हे मराठी भाषकच ठरतात. परंतु राज्यघटनेने त्याच लोकांना वेगळे नाव देऊन निराळ्या सूचीत घातले. एका यादीने जोडले, दुसरीने निवडून काढले. दोन्ही वेळी ज्यांचे नाव लिहिले जात होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

ही दुसरी यादी भाषाशास्त्रज्ञाने अवश्य वाचावी अशी आहे. ‘ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर’ असा तिचा पाठ. ‘ठाकूर’ ही उत्तर हिंदुस्थानात मानाची पदवी, अन्यत्र आडनाव आणि सह्याद्रीच्या उतारावर एका जमातीचे नाव. एका शब्दाचे हे तीन अर्थ पुढे मोठ्या वादास कारण झाले. १९५६ च्या सुधारणा-आदेशाने त्यात तालुक्याचीही अट घातली. कर्जत व खालापूर हे तालुके सूचीत होते. मात्र सूचीबाहेरच्या तालुक्यात राहणाऱ्या ठाकरास जमातीचा दर्जा नव्हता. बोलीची सीमा अशी तालुक्याच्या दगडापाशी थांबत नाही, हे सांगावयास सर्वेक्षणाची गरज नसावी! संसदेने १९७६ च्या अधिनियमाने क्षेत्रबंधन काढले.

मग प्रश्न उरला तो खरा ठाकर कोण, हा. १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धती आखून दिली. देवदेवता, विवाहविधी, अंत्यविधी यांविषयी विचारून दावेदाराचे जमातीशी असलेले साम्य तपासले जाऊ लागले. शहरात दोन पिढ्या काढलेल्या मुलाने आजोबांचे विधी बिनचूक सांगावेत, अशी ही अपेक्षा. २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणात त्या न्यायालयाने ही साम्य-चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. कागदोपत्री पुराव्याचे, विशेषतः राज्यघटनेपूर्वीच्या नोंदीचे, वजन त्यामुळे अधिकच वाढले.

ती नोंद बहुधा शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकातील असते. त्या वेळच्या मास्तरांनी ‘ठाकूर’ लिहिले की ‘ठाकर’, की नुसतेच ‘हिंदू’, यावर आज नातवाचा दाखला अवलंबून असतो. आणि ज्या वाडीतून त्या काळी एकही मूल शाळेत गेले नव्हते, तेथे तेवढाही कागद सापडत नाही.