परग्रहीय जीवसृष्टी : शोधातील आश्वासक खुणा

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असल्याचा निर्विवाद पुरावा अजून मिळालेला नाही. मात्र १९७६ सालापासून मंगळ, शुक्र, शनीचे उपग्रह, लघुग्रह आणि दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह यांच्याकडून अशी काही निरीक्षणे हाती आली आहेत, की त्यांचा जीवनाशी संबंध असू शकेल. त्यांचे मोल दोन कसोट्यांवर ठरते. सजीवांविना तीच गोष्ट घडू शकते का, ही पहिली. ज्यावरून दावा केला तो पदार्थ पुन्हा, वेगळ्या हातांनी तपासता येतो का, ही दुसरी. २०२१ मध्ये नासाचे तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ जेम्स ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. जैविक असू शकेल असा संकेत दिसणे ही तिची पहिली पायरी, तर सर्व ज्ञात अजैविक कारणे बाद करणे ही चौथी. ही चौथी पायरी अजून कोणत्याच दाव्याने ओलांडलेली नाही.

आजच्या घडीला सर्वांत भक्कम खूण मंगळावर आहे. जेझेरो विवरात साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी सरोवर होते आणि नेरेट्वा व्हॅलिस या दरीतून येणारी नदी त्याला मिळत असे. या दरीत जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स या बग्गीला गाळापासून बनलेला, तांबूस रंगाचा एक खडक दिसला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ असे नाव देण्यात आले. त्याच्या पृष्ठभागावर काही मिलिमीटर आकाराचे फिकट ठिपके असून प्रत्येकाला गडद कडा आहे. शास्त्रज्ञ त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात. कडेला व्हिव्हियनाइट म्हणजे लोहाचे फॉस्फेट, तर गाभ्यात ग्रेगाइट म्हणजे लोहाचे सल्फाइड असावे, असे उपकरणांनी दाखवले. खडकात सेंद्रिय कार्बनही आढळला.

या तिन्ही गोष्टी एकत्र सापडणे महत्त्वाचे आहे. पृथ्वीवर चिखलात, दलदलीत आणि समुद्रतळाशी राहणारे जीवाणू सेंद्रिय पदार्थातले इलेक्ट्रॉन काढून ते लोहाला किंवा सल्फेटला देतात, आणि त्या देवघेवीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. मागे उरतात ती नेमकी हीच खनिजे. सल्फेटचे असे रूपांतर सजीवांविना व्हायचे तर बरीच उष्णता लागते, आणि हा खडक तेवढा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. जोएल ह्युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याला ‘संभाव्य जीवखूण’ म्हटले. हा शब्द त्यांनी तोलूनमापून वापरला आहे, कारण कमी तापमानात घडणारी एखादी अपरिचित अजैविक प्रक्रिया अजून नाकारता येत नाही. खडकातून कोरून काढलेला ‘सॅफायर कॅनियन’ हा नमुना नळीत बंद आहे. गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाण अचूक मोजले तर प्रश्न पुष्कळच सुटेल, पण ते काम पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेचे आहे आणि नमुना परत आणण्याची नासाची मोहीम खर्चापायी रखडली आहे. प्रस्तुत विषयातली ही सर्वांत मोठी खंत म्हणावी लागेल.

मंगळाने याआधी दोनदा आशा लावली होती. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मातीत किरणोत्सारी कार्बनयुक्त पोषकद्रव्य टाकले, तेव्हा वायू बाहेर पडला. माती आधी तापवून घेतली असता तो पडला नाही. हा प्रयोग आखणारे गिल्बर्ट लेव्हिन यांनी हा जीवनाचाच पुरावा असल्याचे अखेरपर्यंत मानले. मात्र त्याच यानांवरील दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय द्रव्य सापडले नव्हते. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मातीत पर्क्लोरेट हे क्षार आढळले. तापवल्यावर ते सेंद्रिय द्रव्य नष्ट करतात. त्यामुळे तो नकारही पूर्वीइतका ठाम राहिला नाही. दुसरी आशा ‘एएलएच ८४००१’ या अशनीची. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये मिळालेल्या या मंगळाच्या तुकड्यात सूक्ष्मजीवांचे अवशेष असल्याचा दावा १९९६ मध्ये झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर निवेदन केले. पुढे त्यातल्या जवळजवळ प्रत्येक खुणेला अजैविक स्पष्टीकरण मिळाले.

आज जिवंत असलेल्या सृष्टीचा शोध घ्यायचा तर पहिला मान एन्सेलॅडसचा. शनीचा हा उपग्रह जेमतेम ५०० किमी व्यासाचा आहे. २००५ मध्ये कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि हिमकण उसळताना पाहिले. हिमकवचाखाली खारा महासागर आहे, आणि तो स्वतःच आपले नमुने अवकाशात फेकतो. यान त्या फवाऱ्यांतून गेले तेव्हा मिळालेल्या नोंदींतून २०१७ मध्ये रेण्वीय हायड्रोजन, तर याच फवाऱ्यांतून शनीच्या ई कड्यात गेलेल्या हिमकणांच्या नोंदींतून २०२३ मध्ये फॉस्फेट असल्याचे जाहीर झाले. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवून जगणारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आहेत. त्यांना लागणारी शिदोरी तेथे आहे. अर्थात यावरून परिसर राहण्याजोगा ठरतो, तेथे कोणी राहते असे नाही.

दूरच्या ग्रहांबाबतचे दावे गाजतात अधिक, टिकतात कमी. १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड असण्याची शक्यता केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या आधारे मांडली. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्री प्लवकांपासून येतो. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाची खात्री तीन सिग्मा एवढी होती. मान्यतेसाठी पाच लागतात. इतर गटांना त्याच वर्णपटात हा संकेत ठामपणे दिसला नाही. शिवाय हाच रेणू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे, म्हणजे तो सजीवांविना बनतो. शुक्रावरील फॉस्फिनचा २०२० मधला दावाही मोजमापे सुधारल्यावर फिका पडला, तरी वाद मिटलेला नाही.

बेन्नू लघुग्रहाची कथा वेगळी. २०२३ मध्ये त्याची १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. तिच्यात प्रथिनांच्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक मिळाले. ही आम्ले डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही रूपांत जवळपास सारखी होती, तर पृथ्वीवरचे जीव प्रथिनांत डावेच रूप वापरतात. म्हणजे हा कच्चा माल जीवनाविना तयार झालेला आहे. सेंद्रिय रेणू दिसला की जीवन समजणे किती घाईचे ठरेल, हे या चिमूटभर मातीने दाखवून दिले.

या शोधात, अवकाशातून जीव पृथ्वीवर येतात का हे पाहणारा एक भारतीय प्रयत्नही आहे. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किमी उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत तिच्यातून जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या. एकीचे नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून ‘जॅनिबॅक्टर हॉयली’ असे ठेवले गेले. हे जीव बाहेरून आले असे यातून सिद्ध होत नाही, असे इस्रोने २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच स्पष्ट केले. ही सचोटी अनुकरणीय आहे.

गुरूच्या युरोपा या उपग्रहाच्या अभ्यासासाठी युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरूकडे निघाले असून ते २०३० मध्ये पोहोचेल. मंगळाची माती आणण्यासाठी चीनची त्यानवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास निघणार आहे. ती जेझेरोला जाणार नसल्याने सॅफायर कॅनियनची नळी मात्र तेथेच राहील.