पनवेलचीं चाकें आणि कर्बतंतूंची काया

मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी आज पनवेलच्या वेशीवरून ज्या वेगानें जातो, त्या वेगांत गांवाच्या नांवाची पाटी वाचण्याइतकीही सवड त्याला मिळत नाहीं. कळंबोलीपाशीं सुरू होणारा द्रुतगति महामार्ग २००२ सालीं पुरा झाला, आणि एके काळीं ज्या गांवांत थांबल्यावांचून पुढें पाऊल पडत नसे, तें गांव वाटेंतील एक वळण होऊन बसलें. परंतु गाडी या वस्तूचा इतिहास ज्याला पाहावयाचा असेल, त्यानें पनवेलास क्षणभर थांबावें हें बरें.

१८३० सालच्या नोव्हेंबरांत सर जॉन माल्कम यानें बोरघाटाची गाडीवाट खुली केली. मुंबईहून मचव्यानें खाडींतून पनवेल बंदरीं उतरावें आणि पुढें गाडी जोडून घाट चढावा, असा त्या काळच्या प्रवासाचा क्रम होता. १८६३ सालीं आगगाडीच बोरघाट चढून गेली व व्यापाराचा मोठा ओघ पनवेल सोडून दुसरीकडे वळला. तरी एक धंदा गांवानें टिकवून धरला होता. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीचीं चाकें तयार करण्याचा उल्लेख असून, एकेक गाडी-कारागीर वर्षाकांठीं शेंकडों चाकें विकतो अशी नोंद आहे. बंदराला आणि घाटाला मिळून जें गांव जगलें, त्यानें चाकांवर नांव मिळवावें हें यथायोग्यच होतें.

बैलगाडीचें चाक ही दिसावयास साधी वस्तु. पण तिच्यांत शहाणपण थोडकें नाहीं. मधला तुंबा, त्यांत रोंवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले पुठ्ठे, आणि या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी त्याची रचना. धाव तापवून लाल करावयाची, चाकावर चढवावयाची आणि पाणी ओतून थंड करावयाची, म्हणजे ती आकसून सगळे सांधे घट्ट करते. तुंब्याला न फुटणारें, चिवट लाकूड हवें. आरा मात्र लाकडाच्या रेषांच्या दिशेनेंच कापावयाचा. कारण भार आऱ्याच्या लांबीवर पडतो, आणि रेषा आडव्या गेल्या तर तो पहिल्याच खड्ड्यांत मोडतो. शिवाय आरा मोडला तर आराच बदलावा, पुठ्ठा झिजला तर पुठ्ठाच. सगळें चाक टाकून द्यावें लागत नसे. सुटा भाग कोठें मिळेल, हा प्रश्न त्या काळीं कोणास पडला नाहीं, कारण भाग करणारा हात गांवांतच होता.

मोटारगाडी आली आणि ही व्यवस्था पालटली. पोलादी पत्र्याचें अंग प्रचंड यंत्रांत ठशांखालीं दाबून काढण्याची रीत रूढ झाली. एक ठसा करण्यास खर्च अफाट, पण त्यांतून हजारों दारें व पंखे एकसारखे निघतात. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी कुर्ल्यास याच रीतीनें चालली. तिची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीचें रूप घेऊन पिढ्यान् पिढ्या धांवली. तिच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ सालच्या ऑक्टोबरांत संपली. ज्या गाड्या लाखांनीं निघाल्या त्यांचे भाग जुन्या बाजारांत अजून सांपडतात. परंतु जी गाडी मुळांत थोडकीच निघाली, तिचा ठसा एकदां मोडीत गेला कीं तिचें दार पुन्हां कोठून आणावें?

क्रीडागाड्यांचें दुखणें नेमकें हेंच आहे. त्या थोड्या विकल्या जातात, म्हणून पोलादी ठशांचा खर्च त्यांना परवडत नाहीं; यास्तव त्यांचे कारखानदार लवकरच दुसऱ्या वाटेला लागले. अमेरिकेंत १९५३ सालीं शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट निघाली, तिचें अंग काचतंतूंचें होतें. पहिल्या वर्षीं अशा अवघ्या ३०० गाड्या झाल्या. काचेच्या बारीक तंतूंचें कापड सांच्यांत अंथरून त्यावर राळेचा थर द्यावा, आणि तो कठीण झाला म्हणजे सांचा सोडवावा, इतकी ती कृति सोपी.

कर्बतंतूची, म्हणजे बाजारांत ज्याला कार्बन फायबर म्हणतात त्याची, कहाणी याहून लांब आहे. एडिसननें १८७९ सालीं विजेच्या दिव्यासाठीं जो तंतु जाळून काढला, तो कर्बाचाच होता; पण तो ठिसूळ असे. १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यानें अतिशय बळकट कर्बतंतु सिद्ध केले. १९६१ च्या सुमारास जपानांत अकिओ शिंदो यानें कृत्रिम ॲक्रिलिक धाग्यापासून ते काढण्याची रीत पुढें आणली, आणि इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेंत विल्यम वॉट व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती पक्की केली. रायगडच्या रानांत कातकरी जसे लांकडें मातीखालीं झांकून, हवा तोडून कोळसा पाडीत, तशीच ही क्रिया आहे. धागा प्रथम दोनतीनशें अंशांवर भाजतात व मग प्राणवायूविरहित भट्टींत हजार अंशांहून अधिक तापवितात. बाकी सारें उडून जातें आणि कर्ब तेवढा राहतो. राळेंत बसविलेल्या या तंतूचें वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या पंचमांश भरतें.

या नव्या द्रव्यानें आरंभीं मोठा दगाही दिला. रोल्स रॉइस कंपनीनें आपल्या विमानयंत्राचीं पातीं कर्बतंतूंचीं केलीं होतीं. १९७० सालीं पक्षी आदळण्याच्या परीक्षेंत तीं टिकलीं नाहींत. हें एक आणि इतर कारणें मिळून १९७१ च्या फेब्रुवारींत त्या नामांकित कंपनीचें दिवाळें वाजलें. पण १९८१ सालीं जॉन बार्नार्डच्या योजनेप्रमाणें मॅक्लारेनची शर्यतगाडी कर्बतंतूंच्या सांगाड्यावर उभी राहिली. त्याच वर्षीं इटलींत माँझा येथें तिचे दोन तुकडे झाले, तरी आंतला जॉन वॉटसन धडधाकट बाहेर आला, आणि लोकांचा संशय फिटला. पुढें १९८७ सालच्या फेरारी एफ-४० चें अंग कर्बतंतु व केव्हलर यांचें झालें, आणि १९९२ च्या मॅक्लारेन एफ-१ नें रस्त्यावरच्या गाडीसही कर्बाचा संपूर्ण सांगाडा दिला.

हें सारें परदेशचें झालें, असें कोणी म्हणेल. पण गोमंतकांत बांधलेली सॅन स्टॉर्म ही छोटी उघडी गाडी १९९८ सालची, आणि तिचें अंग काचतंतूंचें. पनवेल ज्या जिल्ह्यांत आहे त्याच रायगड जिल्ह्यांत, अलिबागजवळ कार्लेखिंड येथें चिंकारा मोटर्सनें आपली रोडस्टर काढली. घाट लोटस सेव्हनचा, इंजिन इसुझूचें, अंग काचतंतूंचें. २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत डी. सी. डिझाइनची अवंती प्रगट झाली, तेव्हां तिचें अंग कर्ब-संयुक्ताचें असल्याचें जाहीर झालें होतें. चाकांच्या गांवापासून काचतंतूंच्या गाडीपर्यंतचें अंतर असें एका जिल्ह्यांत मावतें.

आतां अशी कल्पना करावी कीं पनवेलच्या कोणा हौशी गृहस्थानें अशी एखादी जुनी क्रीडागाडी विकत घेतली, आणि तिचें पुढचें झांकण तडकलेलें निघालें. मूळ भाग मिळत नाहीं. परदेशांतून मागवावा तर जकात, वाहतूक आणि वाटेंत फुटण्याचें भय. मग तिसरी वाट उरते ती सांच्याची. तडकलेला भाग जोडून, घांसून, मेण लावून त्यावरून सांचा काढावा, आणि त्यांत नवा भाग ओतावा. येथें कोणी सल्ला देतो कीं काचतंतु कशाला, कर्बतंतूचेंच झांकण करावें. वजन घटेल आणि काळी वीणही झळकेल.

या सल्ल्याचा विचार करतांना चाकवाल्या कारागिराचीं सूत्रें अजून उपयोगी पडतात. कर्बतंतु आऱ्याप्रमाणें आपल्या लांबीवरच बळकट असतो. कापड कोणत्या दिशेनें अंथरलें यावर भागाचें सारें आयुष्य अवलंबून राहतें. पत्रा वांकतो व ठोकून सरळ करतां येतो. कर्ब वांकत नाहीं, तो मर्यादा ओलांडतांच तुटतो. बाजारांत कर्बाच्या नांवाखालीं नुसत्या छापील पापुद्र्याचें आवरण चढविलेले भागही विकले जातात, तेव्हां कापडाचे थर मोजून घेणें भलें. कोंकणच्या हवेची आणखी एक अडचण आहे. कर्ब जर ॲल्युमिनियमला प्रत्यक्ष टेकला आणि त्या सांध्यांत खारट ओल शिरली, तर विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम पोखरलें जातें. म्हणून दोहोंमध्यें काचतंतूचा एक थर घालावा लागतो. पावसाळ्याच्या दमट हवेंत राळही नीट धरत नाहीं. भाग कापतांना उडणारी धूळ श्वासांत जाऊं नये याचीही काळजी हवी.

याहून मोठा प्रश्न नीतीचा आणि कायद्याचा आहे. वाहनाच्या मूळ बांधणींत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें मर्यादा घातली असून, सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं ती मर्यादा स्पष्ट केली. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस स्वतंत्र नोंदणी मिळते. पण ती मूळ स्वरूपांत जपलेली असावी, आणि तिच्या सांगाड्यांत, अंगांत किंवा इंजिनांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हां हौसेनें बसविलेलें काळें झांकण जुन्या गाडीच्या मानासच मुकविण्याचा संभव आहे. ज्या गाडीचा जन्म कर्बतंतूंत झाला, तिला कर्बतंतुच द्यावा. जी पत्र्यांत जन्मली तिला पत्रा ठोकणारा जाणता डेंटर शोधावा. आणि काचतंतूच्या गाडीस काचतंतूच शोभतो. देवळाचा जीर्णोद्धार करतांना काळ्या दगडाच्या जागीं संगमरवर घालणारा मनुष्य खर्च पुष्कळ करतो, पण देऊळ जुनें राहत नाहीं.

मात्र एक काम प्रत्येक हौशी मनुष्यास करतां येण्याजोगें आहे. एकदां काढलेला सांचा त्यानें फेंकून देऊं नये. त्यावर गाडीचें नांव, साल, कापडाचे थर आणि त्यांच्या दिशा लिहून तो जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या मनुष्यास तो भाग शोधीत हिंडावें लागणार नाहीं. पनवेलचीं चाकें वर्षाकांठीं शेंकडों विकलीं गेलीं, तो धंदा आतां गांवाची ओळख उरलेला नाहीं. चाक केवढें करावें, आरा कोणत्या लाकडाचा घ्यावा, धाव किती तापवावी, हें ज्ञान बापाच्या हातून मुलाच्या हातांत जात होतें. हात थांबले तेव्हां तेंही थांबलें. मोटारगाडीच्या अंगाचें ज्ञान निदान कागदावर आणि सांच्यांत शिल्लक ठेवणें आपल्या पिढीच्या हातीं आहे.