शिवडीचे रोहित : पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी आणि किनाऱ्याचा इतिहास

समुद्रापासून दूर असलेल्या बीड जिल्ह्यातील अभ्यासकाने मुंबईच्या खाडीतील खारफुटीकडे का वळावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गोदावरीकाठी सापडते. जायकवाडीचे पाणी पैठणच्या उजव्या कालव्याने गेवराई तालुक्यातून माजलगावकडे येते. हे धरण 1976 साली पूर्ण झाले, त्याने गावे बुडविली. पुढे दहा वर्षांनी, 1986 मध्ये, त्याच नाथसागराला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज तेथील उथळ पाण्यात रोहितही (फ्लेमिंगो) उतरतात. विकासाने एकीकडे हिरावून घ्यावे आणि दुसरीकडे नकळत द्यावे, हाच प्रकार शिवडीच्या किनाऱ्यावर अधिक ठळकपणे दिसतो. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा इतिहास सामान्यतः बंदर, गोदामे आणि समुद्र हटवून केलेली भराव-जमीन यांच्या कागदपत्रांवरून लिहिला जातो. त्यात पक्षी नाहीत. ते सापडतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या, 1883 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या परंपरेत आणि हौशी निरीक्षकांच्या वह्यांत. या साधनांकडे इतिहासकारांनी केलेले दुर्लक्ष समर्थनीय वाटत नाही. कारण शिवडीच्या चिखलात रोहितांचे मोठे थवे पुरातन काळापासून येत होते, हा लोकप्रिय समज या नोंदी खोडून काढतात. हे थवे ठळकपणे दिसू लागले ते 1990 च्या दशकात. तोवर शेजारच्या माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहून चार दशके होत आली होती आणि खाडीत शहराचे सांडपाणी अव्याहत येत होते. लहान रोहित आपल्या वाकड्या चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शैवाल खातो. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर हे शैवाल माजते. अनेक अभ्यासक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. तो मान्य केल्यास हा देखणा पक्षी काही अंशी शहराच्या घाणीचाच पाहुणा ठरतो.

संरक्षणाची व्यवस्था यानंतर आली. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली खारफुटीच्या तोडीस मनाई केली व 2018 मध्ये तिला अंतिम स्वरूप दिले. 2015 साली ठाणे खाडीचे 1,690 हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य झाले. त्यापैकी 896 हेक्टर खारफुटी आहे. 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. मात्र ज्या शिवडीने मुंबईकरांना रोहित दाखविला, ती या अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिली. तेथूनच निघणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये वाहतुकीस खुला झाला.

परंतु सर्व लक्ष सेतूवर केंद्रित करणे एकांगी होईल. रोहिताचा दिवस घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तो चरतो. भरतीत तो चिखल पाण्याखाली जातो आणि थव्यांना विसाव्यासाठी नेरूळची तळी, उरणच्या पाणथळ जागा गाठाव्या लागतात. 1970 साली सिडकोची स्थापना आणि 1989 साली न्हावा-शेवा बंदराची सुरुवात झाल्यानंतर या पट्ट्यातील खाजण व मिठागरांच्या जमिनीचा अर्थ पालटला. नकाशावर त्या ‘मोकळ्या’ जागा ठरल्या. चरण्याची जागा राखली आणि विसाव्याची बुजविली, तर थवा टिकत नाही, एवढे साधे गणित अभयारण्याच्या सीमारेषेत बसलेले नाही. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्यापाशी रोहित मृतावस्थेत आढळले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने सुमारे 40 रोहित मेले.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने येथे एक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. ज्या नोंदीत पक्ष्यांची संख्या आहे पण भरतीची वेळ नाही, ती इतिहासकाराच्या फारशी उपयोगाची नसते. त्याच दिवशी सहा तासांनी तोच चिखल रिकामा असू शकतो. नाथसागरावर भरती नाही, पण पाण्याची पातळी आहे. 2016 च्या दुष्काळात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. अशा वर्षातील पक्षिगणना भरलेल्या जलाशयाच्या गणनेशेजारी ठेवताना धरणाच्या त्या दिवसाच्या पातळीची नोंद हाताशी असावी लागेल.