लेकरांचा रविवार

भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तो २५ जून १९८३ हा शनिवार होता. पुढे रविवारी मुलांना १९९३ मध्ये मोगली भेटला, १९९७ नंतर ‘शक्तिमान’. बालाघाटातील धारूर असो वा मुंबई, दूरदर्शनला मासिक शुल्क नव्हते.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही देणे खासगी वाहिन्यांना बंधनकारक झाले. मुलांच्या कार्यक्रमांना मात्र त्या कायद्यात स्थान नाही.

आम्हांला येथे धारूर परिसरातून आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी लेकरे आठवतात. क्रीडारसिकांचा हक्क राष्ट्राने लिहून ठेवला; या लेकरांचा रविवार कोण लिहून ठेवणार?