ध्रुवीय मोहिमेतील शास्त्रज्ञाचे स्थान : अदिती पंत

ध्रुवीय मोहिमांचा इतिहास बहुधा कप्तानांच्या नावे लिहिला गेला. शास्त्रज्ञ त्यात तळटीपेपुरता उरला. आयर्लंडमधील कॉर्क येथून अमेरिकेत स्थायिक झालेले हवामानशास्त्रज्ञ जेरोम कॉलिन्स १८७९ साली ‘जीनेट’ जहाजावरून उत्तर ध्रुवाच्या शोधास निघाले, तेव्हा जहाजाच्या दप्तरी त्यांची नोंद खलाशी म्हणून झाली होती. कप्तान डी लाँग यांच्याशी त्यांचा जो बेबनाव झाला, त्यास हे दुय्यमत्व बऱ्याच अंशी कारणीभूत होते. १८८१ मध्ये लेना नदीच्या मुखाशी उपासमारीने दोघांचाही अंत झाला. (कॉलिन्स मायदेशी परतले ते १८८४ साली, शवपेटीतून.)

अदिती पंत यांच्या चरित्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातील अप्पासाहेब पंत यांच्या या कन्येचा जन्म १९४३ साली नागपुरास झाला. पुणे विद्यापीठानंतर हवाई व लंडन येथे सागरी वनस्पतिप्लवक आणि शैवाल यांचा अभ्यास करून त्या स्वदेशी परतल्या व गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या.

भारत १९८३ च्या ऑगस्टमध्ये अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि सप्टेंबरमध्ये त्यास सल्लागार सदस्यत्व मिळाले. भरीव वैज्ञानिक संशोधन करणाऱ्या राष्ट्रासच हा अधिकार लाभतो. म्हणजे येथे राष्ट्रध्वजालाच शास्त्रज्ञाचा आधार हवा होता. त्याच डिसेंबरात हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ‘फिनपोलारिस’ जहाजाने तिसरी मोहीम गोव्याहून निघाली. तीत पंत व भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले कायम केंद्र याच मोहिमेत उभे राहिले.

पंत यांचा विषय दक्षिण महासागरातील अन्नसाखळी हा होता. उन्हाळ्यातील अखंड प्रकाशात वनस्पतिप्लवक वाढतात, त्यांवर कोळंबीसदृश क्रिल जगते आणि क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासे. क्रिल किती पकडावे, हा प्रश्न १९८२ साली अंमलात आलेल्या सागरी सजीव संपत्तीविषयक कराराचाही गाभा होता. अशा संशोधनाची दखल ‘पहिल्या भारतीय स्त्रिया’ या बिरुदापुढे मागे पडली. ते बिरुद अयोग्य नव्हे; अमेरिकेनेही १९६९ पर्यंत आपल्या स्त्री-शास्त्रज्ञांस तेथे मज्जाव केला होता. तथापि कॉलिन्स यांना खलाशी म्हणणारे दप्तर आणि पंत यांना केवळ पहिली स्त्री म्हणणारे वृत्तपत्र, या दोहोंत शास्त्र सारखेच अदृश्य होते.

‘दक्षिण गंगोत्री’ हिमाखाली दबून १९९० मध्ये बंद पडले. पंत पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विकरांच्या संशोधनाकडे वळल्या.